फोटोतला हात

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. बाबांना सांगितली नाही. जिला मी सगळं सांगते त्या मैत्रिणीलाही नाही. आणि मी गप्प बसणाऱ्यांतली नव्हे, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला माझी दया यायला नको.

माझं नाव क्रांती. नाव बाबांनी ठेवलं. ते सातपूरच्या एका कारखान्यात फिटर होते आणि युनियनची पत्रकं लिहायचे. आमच्या घरात पाहुणे कमी, पत्रकांचे गठ्ठे जास्त. मी अक्षरं शिकले ती त्या गठ्ठ्यांवर बसून. 'बदक' लिहिता यायच्या आधी मला 'धिक्कार' लिहिता यायचा. पत्रकाबद्दल बाबांचे नियम ठरलेले होते. एकच पान. खोटं एक अक्षर नाही. आणि मागची बाजू कोरी — कारण भिंतीला चिकटवलेल्या कागदाची मागची बाजू वाचतो कोण? पुढे मी मराठी घेऊन एम. ए. केलं, लेख लिहू लागले, मोर्च्यांत घोषणा देऊ लागले. जे दिसेल ते बोलायचं, समोर कोण आहे ते बघायचं नाही — एवढंच मला येत होतं, आणि त्याचा मला गर्व होता.

मग अशी मुलगी नेमकी बोलायच्या वेळी गप्प का बसली? तेच सांगायचंय. पण त्याआधी योसेफकाकांबद्दल सांगावं लागेल. आणि खरं सांगू? त्यांच्याबद्दल बोलायला लागलं की मूळ गोष्ट जरा लांबणीवर पडते, तेवढंच मला बरं वाटतं.

योसेफकाका म्हणजे निवृत्त आर्चबिशप. सायखेड्याजवळच्या एका वस्तीवर, शेतमजुराच्या घरी जन्मलेले. धर्मगुरू झाले, आणि दोन वर्षांत त्यांना रोमला धाडलं गेलं, पोपच्या राजदूतांना शिकवतात त्या विद्यालयात. होय, पोपचे राजदूत असतात. देशोदेशीच्या राजधान्यांत त्यांची घरं असतात, गाडीवर झेंडा असतो, कुलूपबंद थैलीतून पत्रं जातात-येतात. काकांनी चाळीस वर्षं हेच केलं. आधी कारकुनासारखा सहायक, मग सचिव, मग खुद्द राजदूत. दर तीन-चार वर्षांनी नवा देश, नवी भाषा, नवा आचारी. "मलाच का निवडलं म्हन," ते सांगायचे, "तर आमचे बिशप म्हनले, हे पोरगं हुशार बेताचंच हाय, पर गप बसतंय लय चांगलं."

ते असंच बोलायचे. इटालियन, फ्रेंच, स्पॅनिश अस्खलित. रोमहून फोन आला की वाटायचं एखादा परदेशी म्हातारा नाशकात चुकून उतरलाय. पण मराठी मात्र वस्तीवरून निघताना जी नेली होती तीच — लय, नाय, हाय — घडी न मोडता परत आणलेली. चर्चच्या आवारातल्या दोन खोल्यांत ते राहायचे. त्यांना आपल्या आठवणी मराठीत लिहायच्या होत्या आणि ते काम मला मिळालं. मंगळवार आणि शुक्रवार, दहा ते बारा. ते बोलायचे, मी लॅपटॉपवर उतरवून घ्यायचे.

पहिल्याच दिवशी मी अर्धा तास उशिरा पोचले. बस चुकली होती. काका व्हरांड्यात उभे. "नाव काय म्हनली? क्रांती?" मग घड्याळाकडे बघून, "तुमच्यात ती कायम उशिराच येती का?"

चर्चमधली माणसं त्यांना 'महागुरुस्वामी' म्हणायची आणि हाताचं चुंबन घ्यायची. मी सांगून टाकलं, मी कुणाला स्वामीबिमी म्हणणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. ते खूश झाले. "मंग काका म्हन. त्याला तत्त्व लागत नाय."

मी देव न मानणारी, चर्चला सत्तेचं दुकान म्हणणारी. आणि मला मंगळवारची वाट पाहावीशी वाटू लागली होती — हे मी तेव्हा कबूल केलं असतं का? नाही. पण ते त्यांच्या छोट्याशा भांड्यात कॉफी करायचे, इतकी कडू की डोळ्यांत पाणी यावं, आणि म्हणायचे, "पी. अन्यायाविरुद्ध लढायला ताकद पायजे." माझे लेख वाचायचे. एखाद्या वाक्यावर बोट ठेवून म्हणायचे, "हितं तुला राग आलाय का राग आल्याचं दाखवायचंय?" माझ्या एकाही संपादकानं मला हा प्रश्न विचारलेला नाही.

आणि शांताबाई. काकांची धाकटी बहीण, वस्तीवर पुतण्याकडे राहणारी. गुरुवारी एस. टी. नं डबा घेऊन यायच्या: बाजरीची भाकरी, शेपू, ठेचा. मी गुरुवारीही काही ना काही निमित्त काढून जायचे, ते बरंचसं त्या ठेच्यासाठी. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या. वाचताना शब्दाखाली बोट फिरवायच्या, आणि ओळ संपली की बोट क्षणभर थांबायचं. पुस्तक मराठीत का, तर त्यांच्यासाठी. चाळीस वर्षं लोक त्यांना विचारत आले होते, तुमचा भाऊ तिकडं करतो तरी काय? बिशप म्हणावं तर त्याला गाव नाही, चर्च नाही. तशी रीत आहे. राजदूताला आर्चबिशप करताना कुठल्या तरी बुडालेल्या जुन्या शहराचं नाव देतात. काकांचं शहर आफ्रिकेच्या उत्तरेला वाळूत गाडलेलं होतं, वर फक्त मेंढरं चरायची. शांताबाई म्हणायच्या, "माझा भाऊ मेंढरांचा बिशप हाय." काका म्हणायचे, "पर एक बी मेंढरू तक्रार करत नाय." पण लोकांना मात्र त्या ठामपणे सांगायच्या, "गरिबाची बाजू घेतो त्यो. तिकडं, परदेशात." एवढंच त्यांना माहीत होतं. त्यावर त्या चाळीस वर्षं ताठ मानेनं वावरल्या होत्या.

आता फोटोकडे येते.

काकांकडे एक अल्बम होता, कपाटात वरच्या फळीवर. एका शुक्रवारी आठवणींचा क्रम लावायला तो काढला. एक फोटो: पांढरा झगा, कमरेला जांभळा पट्टा, काका हसतायत. त्यांचा उजवा हात एका लष्करी माणसाच्या हातात, आणि त्या माणसाच्या छातीवर पदकांची रांग. मागे तारीख होती. ती मी आदल्याच मंगळवारी टाइप केली होती — नेमकी ती नाही, चार दिवस आधीची. त्या आधीच्या दिवशी, काका तेव्हा जिथे राजदूत होते त्या देशाच्या राजधानीत, चौकात बसलेल्या विद्यार्थ्यांवर सैन्यानं गोळ्या चालवल्या होत्या. हुकूम याच पदकवाल्याचा होता.

"तुम्ही याला हात दिलात?"

"दिला."

"हसताय तुम्ही."

"हसावं लागतं. न हसलेला फोटो त्ये छापत नाय."

मी लॅपटॉप मिटला. पिशवी घेतली. दारापर्यंत गेले असेन. तेव्हा त्यांनी मला बसायला सांगितलं, आणि जे कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं.

त्या देशात जुना रिवाज: पोपचा राजदूत हा सगळ्या राजदूतांत वडीलधारा. राष्ट्रीय दिनाच्या समारंभात सगळ्यांच्या आधी त्यानं पुढे व्हायचं, सगळ्यांच्या वतीनं शुभेच्छांच्या दोन ओळी वाचायच्या, पहिला हात त्याचा. तो आला नाही तर ती त्या पदकवाल्याला साऱ्या जगासमोर थोबाडीत. तिथले बिशप घरी येऊन विनवून गेले — जाऊ नका. पण काकांच्या त्याच घरात, धुण्याच्या खोलीमागे, नऊ माणसं लपली होती. चौकातून पळालेले विद्यार्थी, एक शिक्षक, त्याची बायको. घरात शिरायची शिपायांना परवानगी नव्हती. फाटकाबाहेर उभं राहायची होती, आणि ते उभे होते. त्या माणसांना देशाबाहेर न्यायचं तर कागदावर त्या पदकवाल्याचीच सही हवी. आपल्याला काही ठाऊक नाही असं सोंग तो करत नव्हता. तो फक्त वाट बघत होता, राजदूत समारंभाला येतो का. काका गेले. हसले. फोटो छापून आला. आठवड्याभरात नऊच्या नऊ सरहद्दीपार गेली, काकांच्या गाडीतून, दोन खेपांत.

बिशपांना त्यांनी कारण सांगितलं नाही. बरेच जण पुढे त्यांच्याशी बोलेनासे झाले.

"ह्ये लिवायचं नाय," ते म्हणाले. "त्यातली दोघं परत तिकडंच गेलीत. लेकरंबाळं हायेत. मी गेल्यावर लिव पायजे तर, पर देशाचं नाव कधीच नको."

"मग मला का सांगितलंत?"

ते जरा वेळ कॉफीच्या भांड्याचं झाकण पुसत राहिले. "तू लॅपटॉप मिटलास. मला वाटलं, ही काय आता येत नाय परत."

इथे मी थांबले असते तर किती बरं झालं असतं. बसलेच होते की. पुढच्या मंगळवारीही गेले. जाताना त्यांच्यासाठी पेरू नेले.

पण मग सत्कार आला. काकांना धर्मगुरू होऊन पन्नास वर्षं झाली म्हणून शहरातल्या काही मोठ्या लोकांनी नागरी सत्कार ठरवला. सभागृह, हार, मानपत्र. आणि समितीचा अध्यक्ष कोण? — तर ज्या मालकानं बाबांना पत्रक वाटलं म्हणून गेटबाहेर काढलं, तो. मी काकांशी भांडले. म्हटलं, नाही म्हणा. त्याच्या हातून शाल घेणार तुम्ही? ते म्हणाले, "शाल कुनाची बी असो, ऊब सारखीच. आन शांताला लय हौस हाय गं. आख्ख्या वस्तीला घेऊन येनार हाय ती." शांताबाईंनी खरंच नवं लुगडं घेतलं होतं. मोतिया रंगाचं. मला दाखवलं होतं, काठ हातात देऊन.

मी घरी गेले आणि पत्रक लिहिलं. फोटो माझ्या मोबाइलमध्ये होता. त्या शुक्रवारीच काढून ठेवला होता, का ते माझं मलाही सांगता येणार नाही. मथळा: 'सत्कार कुणाचा?' खाली फोटो. खाली चौक, विद्यार्थी, गोळ्या, चार दिवस, समारंभ, पहिला हात. शेवटी — 'खुन्याच्या हातात हात देणाऱ्याच्या खांद्यावर नाशिकनं शाल घालायची?' सही, 'एक नाशिककर'. खोटं एक अक्षर नव्हतं. पान एकच होतं. नऊ माणसं त्यात नव्हती.

काकांनी लिहू नको म्हटलं होतं म्हणून वगळली — असं मी स्वतःला सांगितलं. वचन पाळलं म्हणे. मग फोटो छापायला कुणी सांगितलं होतं? मी हेही म्हटलं की नऊ वाचले, पण चौकात पडलेल्यांच्या आयांना त्या हसण्यानं काय वाटलं असेल? हा प्रश्न मला आजही पोकळ वाटत नाही. पण मी तो विचारला नव्हता. तो विचारायचा तर नऊ जणांसकट विचारायला हवा होता, काकांच्या समोर, त्यांच्या खोलीत. तो मला विचारायचाच नव्हता. मला सत्कार मोडायचा होता.

मोडला. पत्रक आधी कागदावर फिरलं, मग मोबाइलवर. अध्यक्ष सगळ्यांत आधी पळाला. समितीनं 'अपरिहार्य कारणास्तव' असं दोन ओळींत कळवलं. बाबांनी पत्रक वाचून मांडीवर थाप मारली — "कोण आहे हा? एक ओळ ढिली नाही!" मी त्यांनाही सांगितलं नाही. तिथेच मला कळायला हवं होतं. ज्याचा अभिमान वाटतो ते मी कधी लपवलेलं नाही.

काकांना कळलं होतं का? असं बघा — अल्बम दोनच माणसांनी उघडला होता. त्यांनी आणि मी. पुढच्या शुक्रवारी पत्रक त्यांच्या टेबलावर होतं, चष्म्याखाली. "झकास लिवलंय," ते म्हणाले. "शेवटचं वाक्य जरा लांबलं." मग कॉफी केली. दोन कप. "कुठं व्हतो आपन?" आणि मी लॅपटॉप उघडला. त्यांनी विचारलं नाही. एकदाही नाही. विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं? माहीत नाही — आणि त्यांनाही ते माहीत नसावं, म्हणूनच विचारलं नसेल.

आत्तापर्यंत सांगितलं ते वाईटच आहे. पण ज्यासाठी लिहायला बसले ते अजून राहिलंय.

त्या शुक्रवारच्या आदल्याच दिवशी, गुरुवारी, शांताबाई डब्याशिवाय आल्या. काका आत रोमच्या कुणाशी तरी फोनवर होते. मी व्हरांड्यात. त्यांच्या हातात पत्रक, चार घड्या घातलेलं. बसल्या नाहीत.

"तू समदं लिवून घेतीस त्याचं. म्हनून तुला इचारते. ह्यो फोटो खरा हाय?"

"खरा आहे, मावशी."

"त्या मानसानं पोरं मारली व्हती?"

"हो."

"आन दादाला ठावं व्हतं?"

"हो."

त्यांनी बोट पत्रकावर ठेवलं, शेवटच्या ओळीवर, आणि तिथेच ठेवलं. "मंग आजून कायतरी आसंल. आसा नाय माझा भाऊ. आजून काय हाय का गं ह्यात?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही."

तीन शब्द. दुपार होती, आवारात कुणी तरी झाडाला पाणी घालत होतं, आणि मी खोटं बोलले. पत्रकात नाही — पत्रकात मी फार सावध होते. इथे बोलले, त्या बाईशी, जिच्या डब्यातली भाकरी मी आदल्या गुरुवारी खाल्ली होती. काकांनी मला लिहू नको म्हटलं होतं. भाकरी आणून देणाऱ्या बहिणीच्या कानात सांगू नको असं म्हटलं नव्हतं. पण सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आलाच असता — मग ज्याला हा फोटो मिळाला त्याला ते कसं ठाऊक नव्हतं? आणि शांताबाई चौथी शिकलेल्या होत्या, भोळ्या नव्हत्या.

त्या आत न जाता परत गेल्या. काका बाहेर आले, रिकाम्या व्हरांड्याकडे बघून म्हणाले, "शांता आली व्हती ना? आवाज आला." मी म्हटलं, घाईत होत्या.

त्यानंतर गुरुवारचा डबा बंद झाला. भांडण झालं नाही. निरोप यायचा, गुडघे दुखतायत, एस. टी. त चढवत नाही. वस्तीवर लोक आता त्यांना भावाबद्दल विचारत नव्हते, आणि त्याही सांगत नव्हत्या. काका एकदा गेले भेटायला. चहा मिळाला. परत येऊन म्हणाले, "लय मानानं वागवलं मला. पाव्हन्यावानी." एवढंच. ते बहिणीला सांगू शकले असते, नाही का? तिच्यापासून त्या परक्या देशापर्यंत गोष्ट जाणार होती थोडीच? मी हे त्यांना एकदा सुचवलंही — हो, इतकी निर्लज्ज होते मी. ते म्हणाले, "त्या मानसांना शब्द दिला तवा शांताला वगळून दिला नव्हता. तुला सांगितलं, तेवढी एक चूक झाली." रागानं नव्हे. हिशेब सांगावा तसं.

आठ महिन्यांनी शांताबाईंना नाशिकच्या दवाखान्यात आणलं. पोटाचं दुखणं होतं, फार पुढे गेलेलं. काकांनी मला सोबत यायला सांगितलं. त्यांच्या खिशात तेलाची छोटी कुपी होती. कॅथलिक माणूस जायला निघाला की धर्मगुरू त्याच्या कपाळाला आणि तळहातांना ते तेल लावतो, प्रार्थना म्हणतो. भाऊच धर्मगुरू, आर्चबिशप — याहून मोठं काय हवं? शांताबाईंनी एके काळी मला सांगितलंही होतं, माझं शेवटचं तेल दादाच्या हातचं.

दुपारचे तीन वाजले असतील. काकांनी कुपी काढली. शांताबाईंनी डोळे उघडले. त्यांचा आवाज अगदी मऊ होता.

"दादा, तू नको. फादरला बोलव. त्या हातानं नको."

काकांनी कुपीचं बूच लावलं. "बरं, शांता," म्हणाले. फोन करायला बाहेर गेले, आणि बाहेरच उभे राहिले, कॉरिडॉरमध्ये, भिंतीला पाठ लावून. तरुण फादर मोटरसायकलवरून आले, तेल लावून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी शांताबाई वारल्या. काका दफनविधीला साध्या माणसासारखे मागच्या बाकावर बसले.

पुढच्या मंगळवारी मी गेले. कॉफी झाली. पुस्तक आम्ही पुरं केलं. त्या देशाच्या प्रकरणात एवढंच आहे: 'तिथं मी तीन वर्षं होतो. काही चांगली माणसं भेटली.' मी ते टाइप केलं, त्यांनी मान हलवली. दोन वर्षं आणखी गेले मी तिथे, पुस्तकाचं काम उरलं नव्हतं तरी. शेवटी शेवटी त्यांना दिसत नसे, मी पेपर वाचून दाखवायचे आणि ते म्हणायचे, "ह्या मंत्र्यावर लिव गं, तापून लिव." त्यांचा शेवटचा उन्हाळा आम्ही कलिंगड खात, सरकारला शिव्या देत घालवला. मी कुणावर इतकी माया केलेली नाही. आणि तरी एकदाही म्हटलं नाही की पत्रक माझं होतं. ते गेले. आता नऊ माणसांबद्दल लिहायची मला मुभा आहे, म्हणून हे लिहिता येतंय.

पण वर मी काहीतरी गाळलंय. पाहिलंत? काका फोन करायला बाहेर गेले, आणि फादर मोटरसायकलवरून आले. मध्ये वीस मिनिटं होती.

ती वीस मिनिटं खोलीत शांताबाई आणि मी, दोघीच होतो. दार लोटलेलं. त्यांनी मला जवळ बोलावलं, चमच्यानं पाणी मागितलं. मी पाजलं. म्हणाल्या, "त्याला सांग, राग नाय माझा." मी म्हटलं, सांगते. मग त्यांनी विचारलं, पुस्तक कुठवर आलं? "वाच की थोडं. मला काय आता बोट फिरवून व्हनार नाय."

मी मोबाइलवर उघडलं आणि वाचलं. काकांचा रोममधला पहिला हिवाळा: थंडीनं झोप येईना, तेव्हा त्यांनी पेटीतून घरची गोधडी काढली, शांतानं शिवलेली, आणि बाकीचे देशोदेशीचे शिकाऊ राजदूत ती बघायला खोलीत जमले. शांताबाई हसल्या. पोट धरून, दुखत असताना हसल्या.

"खोटं हाय ते," म्हणाल्या. "म्या नाय शिवली. आईनं शिवली ती. म्या नुसती सुई ववून द्यायची. दुरुस्त कर बाई. पुस्तकात खोटं नको."

मी तिथल्या तिथं दुरुस्त केलं. 'शांतानं' खोडलं, 'आईनं' लिहिलं, आणि त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि माझ्याकडे बघत राहिल्या. बाहेर मोटरसायकल थांबल्याचा आवाज यायला अजून बराच वेळ होता.

मी पुढचं पान वाचायला घेतलं.